फ्लॉरेन्सचे दोन दिवस आणि कोल्हापूरचे महाराज

विषय ऐकून काही जण चपापले असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस लातुरात उभा राहून इटलीच्या सहलीवर काय बोलणार? पण झालं असं, की आमचे एक शेजारी मागच्या महिन्यात कागद घेऊन आले. लेक जर्मनीत नोकरीला आहे, त्याच्याकडे जाताहेत, मध्ये फ्लॉरेन्सला दोन दिवस मिळणार. कागदावर चौदा ठिकाणं. "सर, यातलं काय काय होईल?" आम्ही म्हटलं, चौदाही होतील, पण दिसणार एकही नाही.

हे आम्ही अनुभवाने बोलतो. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही उभयता एका प्रवासी कंपनीबरोबर युरोप पाहून आलो. फ्लॉरेन्सला एक दिवस होता आणि तो नेमका सोमवार निघाला. उफ्फिझी आणि अकादेमिया ही दोन्ही मोठी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. घरून निघताना हे आम्हीही पाहिलं नव्हतं, म्हणजे दोष एकट्या कंपनीचा नाही. मग आम्हाला चामड्याच्या पिशव्यांच्या दुकानात नेलं. दुपारी आर्नो नदीच्या कठड्याशी बसून आम्ही सोबत नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. त्याच काठाने खाली चार-पाच किलोमीटरवर कोल्हापूरच्या छत्रपतींची छत्री उभी आहे, हे आम्हाला परत आल्यावर वाचून कळलं. पदवी तत्त्वज्ञानाची असली तरी इतिहास आम्ही हौसेने वाचत आलो, आणि एवढं ठाऊक नव्हतं. ती खंत अजून गेलेली नाही.

आता हे महाराज कोण? राजाराम म्हटलं की आपल्याला शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव आठवतात, नाहीतर राजर्षी शाहूंचे चिरंजीव. हे दोघांच्या मधले. १८७० साली, विशीत असताना, ते इंग्लंडला गेले. समुद्र ओलांडला की जात गेली असं मानणारा तो काळ. सोबत कॅप्टन वेस्ट आणि मोजकी मंडळी. महाराज इंग्रजीत रोजनिशी लिहीत. तीच पुढे १८७२ साली वेस्ट यांनी लंडनमध्ये छापून आणली. परतताना इटलीच्या वाटेवर होते. फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलं होतं, पॅरिसला वेढा पडला होता. फ्लॉरेन्सला पोचले आणि तिथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारले.

क्षणभर त्या मंडळींच्या जागी उभे राहून पाहा. परका मुलूख, भाषा येत नाही, थंडीचे दिवस आणि राजाचा देह समोर. दफन करणं शक्य नाही, आणि दहनाची त्या देशात रीत नाही. इटलीत आधुनिक दाहगृहात पहिलं दहन झालं ते मिलानला, १८७६ साली. कॅथलिक चर्चने तर १८८६ मध्ये दहनावर स्पष्ट बंदी घातली, ती १९६३ मध्ये सैल झाली. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, तीही शेवटच्या काही महिन्यांपुरती. सप्टेंबरात रोम हाती आलं होतं आणि राजधानी तिकडे हलायची होती. अशा धामधुमीत तिथल्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. कास्चिने नावाच्या बागेच्या टोकाला मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते. आपल्याकडे अंत्यविधीला संगम पवित्र मानतात, तो तिथे सापडला. त्या संगमावर चिता रचली गेली.

चार वर्षांनी, १८७४ मध्ये, तिथे स्मारक उभं राहिलं. वर छत्री, खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहिला असेल तर मँटचा हात तुम्ही पाहिलेला आहे. आज शेजारून मोठा पूल जातो, त्याचं नावच 'इंदियानो', म्हणजे भारतीयाचा पूल. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात. त्यातल्या किती जणांना तो भारतीय कोण हे ठाऊक असेल, कोण जाणे.

पण एवढ्यासाठी फ्लॉरेन्सला जायचं का? नाही. आमचं म्हणणं वेगळं आहे. त्याच नदीत त्याच्याही आधी एक राख पडली होती. साव्होनारोला हा धर्मोपदेशक सान मार्को मठाचा प्रमुख. १४९७ मध्ये त्याच्या अनुयायांनी पियाझ्झा देल्ला सिन्योरिया या मुख्य चौकात आरसे, चित्रं, पुस्तकं यांची होळी केली. पुढच्याच वर्षी, २३ मे १४९८ रोजी, त्याच चौकात त्याला फाशी देऊन जाळलं आणि राख आर्नोत टाकली. कुणी अवशेष जपून पूजा करू नये म्हणून. साव्होनारोला आम्हाला काही आवडत नाही, पुस्तकं जाळणारा माणूस कसा आवडावा? पण आपल्याच माणसाचा मागमूस पुसायला राख नदीत टाकणारं शहर पौने चारशे वर्षांनी एका परक्याला त्याच्या धर्माप्रमाणे त्याच नदीकाठी जळू देतं, वर छत्री उभारू देतं. मधल्या काळात काय बदललं, हा प्रश्न घेऊन गेलात तर दोन दिवस पुरतात. उफ्फिझीतली चित्रंही मग वेगळी दिसतील.

नांदेडच्या माणसाला हे अधिक समजावं. दशमेश गुरू गोविंदसिंगजी पाटण्यात जन्मले, पंजाबात लढले आणि १७०८ मध्ये गोदाकाठी ज्योतीज्योत समावले. तुलना करायची नाही. पण लांबून आलेल्याची आठवण सांभाळणं म्हणजे काय, हे सचखंड एक्सप्रेसमधून उतरणारी गर्दी पाहत वाढलेल्यांना सांगावं लागत नाही.

तर शेजाऱ्यांच्या कागदावरची नऊ नावं आम्ही खोडली. पहिल्या दिवशी सकाळी सान मार्को. साव्होनारोलाची खोली तिथेच आहे, आणि फ्रा अँजेलिकोने भिक्षूंच्या कोठड्यांत काढलेली भित्तिचित्रं. तिथून चालत चौकात. जिथे त्याला जाळलं तिथे जमिनीत गोल दगड बसवलाय, तो शोधायचा. मग पोन्ते वेक्यो हा जुना पूल. मोठ्या चर्चचा ब्रुनेलेस्कीने बांधलेला घुमट, जो १४३६ मध्ये पुरा झाला, खालूनच पाहा. पायऱ्या ४६३ आहेत आणि शेजारी आमच्याच वयाचे. दुसऱ्या दिवशी सकाळी उफ्फिझी, वेळ घरूनच आरक्षित करून. दुपारी कास्चिने. बाग साडेतीनेक किलोमीटर लांब आहे, छत्री अगदी पश्चिम टोकाला, म्हणून उजेडी पोचायचं आणि बूट साधे, सवयीचे घालायचे.

त्यांनी विचारलं, "सर, तिथे फुलं वाहिली तर चालतात का?" आम्ही म्हटलं, जाऊन पाहा आणि आम्हाला कळवा. परवा निघताहेत. मुक्कामाचे दिवस बुधवार आणि गुरुवार आहेत, तेवढं आम्ही दोनदा तपासून घेतलं.