गॅल्व्हेस्टनचे चक्रीवादळ, १९००

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सस राज्याच्या किनाऱ्यावर ८ सप्टेंबर १९०० रोजी येऊन थडकलेले प्रचंड उष्णकटिबंधीय वादळ (हरिकेन). मनुष्यहानीच्या दृष्टीने त्या देशाच्या ज्ञात इतिहासातील हे सर्वांत घातक नैसर्गिक संकट होय. मृतांची संख्या सामान्यतः ८,००० धरतात. परंतु कुटुंबेच्या कुटुंबे नाहीशी झाल्याने नावे सांगणाराही कोणी उरला नाही, आणि म्हणून ६,००० पासून १२,००० पर्यंतचे अंदाज आढळतात. वादळांना नावे देण्याचा प्रघात त्या काळी नसल्यामुळे ते शहराच्याच नावाने ओळखले जाते.

स्थान व पूर्वस्थिती : मेक्सिकोच्या आखातात मुख्य भूमीला समांतर पसरलेले, सुमारे ४३ किमी. लांब आणि कोठेही पाच किमी.हून अधिक रुंद नसलेले जे वाळूचे बेट आहे, त्याच्या पूर्व टोकाशी हे शहर वसले आहे. कापसाच्या निर्यातीवर संपन्न झालेल्या या बंदराची लोकसंख्या १९०० च्या खानेसुमारीत सुमारे ३७,७०० भरली होती. शहरातील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम २.७ मी. होती आणि पुढील साऱ्या अनर्थाचे मूळ या एका आकड्यात आहे. याच किनाऱ्यावरील इंडियानोला बंदर १८७५ व १८८६ च्या वादळांत उद्ध्वस्त होऊन अखेर ओसाड पडले, तेव्हा गॅल्व्हेस्टनलाही तटभिंत असावी असा विचार निघाला. पण तो तडीस गेला नाही. स्थानिक हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी १८९१ साली वृत्तपत्रातून, अशा वादळाचे भय अवास्तव असून किनाऱ्यालगतचा उथळ तळ लाटांचे बळ मोडील, अशा आशयाचे मत मांडले होते. वस्तुतः सावकाश खोल होत जाणारा तळ उधाणाला रोखत नाही. लोटलेल्या पाण्याला खालून परतण्यास वाव न ठेवता तो त्याची उंची वाढवितो.

पूर्वसूचना : सप्टेंबरच्या आरंभी वादळ क्यूबावरून गेले. हवानातील जेझुइट पंथीयांच्या बेलेन वेधशाळेला या वादळांच्या निरीक्षणाचा दीर्घ अनुभव होता आणि ते टेक्ससकडे वळेल असे तेथील संचालक फादर गांगोईते यांचे अनुमान होते; परंतु क्यूबा त्या वेळी अमेरिकेच्या लष्करी अंमलाखाली असून, तेथील हवामानविषयक तारा पाठविण्यास थोड्याच दिवसांपूर्वी मनाई झालेली होती. वॉशिंग्टनच्या हवामान खात्याने वादळ उत्तरेकडे फ्लॉरिडाच्या रोखाने वळणार असे गृहीत धरले. क्लाइन यांनी ८ तारखेस किनाऱ्यावर फिरून रहिवाशांना कितपत सावध केले, याविषयी मतभेद आहेत.

उधाण : वाऱ्याचा वेग किनाऱ्याशी ताशी सुमारे २२५ किमी. असावा असे उत्तरकालीन संशोधक मानतात. वेगमापक यंत्रच सायंकाळी उडून गेल्यामुळे प्रत्यक्ष नोंद उपलब्ध नाही. तथापि, प्राणहानी प्रामुख्याने वाऱ्याने नव्हे, पाण्याने केली. शहरात वायुभार ९६४ मिलिबारपर्यंत उतरला. वायुभारातील एका मिलिबारच्या घटीला सुमारे एक सेंमी. या हिशेबाने केवळ त्यामुळे पाणी अर्धा मीटर चढले असते, आणि प्रत्यक्षात ते साडेचार मीटरांवर चढले, म्हणजे उरलेली बहुतेक चढ वाऱ्याच्या रेट्याची होती. उत्तर गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. केंद्र शहराच्या पश्चिमेकडून गेल्याने शहर त्याच्या उजव्या अंगास, म्हणजे समुद्राकडून भूमीकडे वाहणाऱ्या झोताच्या तोंडी सापडले. सकाळपासून वारा उत्तरेचा असतानाही आखाताचे पाणी त्याच्या विरुद्ध चढत होते, आणि हे चिन्ह सर्वांत अशुभ होते. बेटामागील उपसागराचे पाणी त्याच वाऱ्याने शहरात शिरत होते. रात्री साडेसातच्या सुमारास क्लाइन आपल्या घराच्या अर्धवट उघड्या दारात उभे होते. घरात पाणी वीतभर होते, ते चार सेकंदांत चार फुटांनी चढले आणि त्यांना जागचे हलताही येण्यापूर्वी कमरेच्या वर गेले. तासाभराने लाटांवर वाहत आलेल्या ट्रामरुळांच्या सांगाड्याने ते घर पाडले. आश्रयास आलेल्या सुमारे पन्नास जणांपैकी बहुतेक बुडाले. त्यांत क्लाइन यांची पत्नीही होती.

किनाऱ्यालगतच्या घरांची पहिली रांग मोडली की तिच्या तुळया दुसऱ्या रांगेवर आदळत. अशा रीतीने वाढत गेलेला भग्नावशेषांचा बांध अखेर स्थिरावला व त्याच्या मागचा शहराचा भाग वाचला. ३,६०० हून अधिक घरे नष्ट झाली. सेंट मेरी अनाथालयातील १० धर्मभगिनींनी कपडे वाळत घालण्याच्या दोरीने मुलांना आपल्या कमरेशी बांधून घेतले होते. त्या सर्व भगिनी व ९० मुले दगावली, केवळ तीन मुलगे वाचले. पुढे प्रेते सापडली तेव्हा त्यांभोवती ती दोरी होती.

मृतांची व्यवस्था : समुद्रात सोडलेली प्रेते भरतीबरोबर किनाऱ्यास परत आली, तेव्हा त्यांचे दहन करावे लागले, हे काम अनेक आठवडे चालले.

मदत : रेड क्रॉसच्या क्लारा बार्टन वयाच्या ७८ व्या वर्षी स्वतः आल्या.

तटसंरक्षण : हेन्री रॉबर्ट, आल्फ्रेड नोबल व एच. सी. रिप्ली या तीन अभियंत्यांच्या मंडळाने दोन उपाय सुचविले. एक म्हणजे सुमारे ५.२ मी. उंचीची, समुद्राकडील अंग अंतर्वक्र असलेली काँक्रीटची भिंत. तिचा सुमारे पाच किमी.चा पहिला टप्पा १९०४ मध्ये पूर्ण झाला व पुढे ती १६ किमी.पर्यंत वाढविण्यात आली. दुसरा उपाय अधिक धाडसाचा, किंबहुना नगररचनेच्या इतिहासात विरळा : शहराची जमीनच उचलणे. दोन हजारांवर इमारती जॅक लावून वर घेतल्या आणि उपसलेली वाळू पाण्याबरोबर नळांतून त्यांखाली सोडली. सेंट पॅट्रिकचे सुमारे ३,००० टनांचे चर्चही याच रीतीने उचलले गेले. १९११ पर्यंत हे काम चालू होते, आणि तोवर नागरिक उंचावलेल्या फळ्यांवरून ये-जा करीत. १९१५ च्या प्रबळ वादळात भिंतीमागील शहरात फारच थोडे लोक दगावले.

भिंतीपुढील पुळण मात्र लाटांच्या परावर्तित आघाताने खचत गेली व तेथे वारंवार वाळूची भर घालावी लागते. २००८ च्या ‘आयक’ वादळात पाणी उपसागराच्या बाजूने, जिकडे भिंत नाही तिकडून, शहरात शिरले. उपसागराच्या मुखाशी प्रचंड दरवाजे उभारण्याच्या योजनेस अमेरिकी काँग्रेसची मंजुरी २०२२ मध्ये मिळाली.