पाठीमागे नाव नसलेली छायाचित्रे

छायाचित्रणाची कला युरोपात 1839 साली जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत मुंबईत रुजली. 1854 साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतःच उत्तम छायाचित्रकार होते. त्याच वर्षाच्या अखेरीस, आपल्या या बंगळूरच्या छावणीत असलेला लिनियस ट्राइप नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी आपला अवजड कॅमेरा घेऊन हळेबीडू-बेलूरला गेला व तेथील मंदिरांची चित्रे घेऊन परतला. आपली जन्मभूमी आणि आपली कर्मभूमी या दोहोंकडे ही कला जवळजवळ एकाच वेळी पोचली, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु त्या काळी चित्रे कशाची घेतली गेली? देवळांची, किल्ल्यांची, साहेबांच्या बंगल्यांची. माणसांची घेतली ती बहुधा नमुने म्हणून. 1868 ते 1875 या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा सचित्र ग्रंथ आठ खंडांत निघाला. त्यात माणसाची जात आहे, प्रांत आहे, धंदा आहे. नाव मात्र क्वचितच. यात सत्ताधाऱ्यांची दृष्टी होतीच, पण यंत्राचीही अडचण होती. काचेवर पुरेसा प्रकाश पडेतो समोरच्याने निश्चल बसावयाचे. दळणारी बाई किंवा रांगते मूल त्या यंत्राच्या आवाक्यात येणार कसे?

मी मूळचा अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, आणि ख्रिस्ती कुटुंबातला. मिशनऱ्यांनी काढलेली छायाचित्रे आमच्याकडच्या लोकांना नवी नाहीत. हुबळी-धारवाडकडे काम केलेल्या बासेल मिशनचा तर फार मोठा संग्रह स्वित्झर्लंडमध्ये जतन झाला असून आता तो कोणालाही घरबसल्या पाहता येतो. हे जतनाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि समुद्रापलीकडच्या देणगीदारांना दाखवावयाच्या चित्रांत शाळेची रांग, दुष्काळातली मुले, प्रार्थनामंदिर हेच विषय पुन्हा पुन्हा येत. अशा समूहचित्रांखाली कित्येकदा पाद्रीसाहेबांचे नाव असते आणि उरलेल्यांच्या वाट्याला 'शिक्षक', 'विधवा', 'अनाथ मुली' एवढेच शब्द येतात. ख्रिस्ती माणूस म्हणून हे मला सलते.

मग रोजचे जगणे टिकले कोठे? माझ्या मते ते टिकले लक्ष्मीबाई टिळकांकडे, आणि त्यांच्या हाती कॅमेरा नव्हता. लग्नानंतर अक्षरे शिकलेल्या या बाईंची 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1937 या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. वडिलांचे टोकाचे सोवळे, रेव्हरंड टिळकांचा उधळ्या परोपकार, 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर झालेली ताटातूट, पुन्हा मांडलेला संसार, त्यातली भांडणे आणि हशा, हे सारे त्यात आहे. ग्रंथाच्या नावातच 'चित्रे' आहेत, ती उगीच नव्हे.

आपल्या मंडळाच्या कपाटातील जुनी छायाचित्रे लावण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. ती बहुतेक 'आग्फा क्लिक थ्री'च्या जमान्यातली. एका रिळात बारा चित्रे. उटीच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म आली तरी प्रत्येक चित्र मोजूनच काढावयाचे. (तो कारखानाही आता बंद झाला.) साहजिकच जे टिपले गेले ते गणेशोत्सवाचे मखर, हार घालून घेणारे पाहुणे आणि खुर्च्यांवरचे पदाधिकारी. मागील बाजू कोरी. सरकारी नोकरीत क्रमांक नसलेल्या कागदाचे काय होते ते मी तीस वर्षे पाहत आलो आहे. नाव नसलेल्या चित्राचेही तेच होते. एका चित्रात पंगतीच्या कडेला, चौकटीत जेमतेम मावलेला, एका स्त्रीचा वाढप्याचे भांडे धरलेला हात आहे. तो कोणाचा, हे सांगू शकतील अशी माणसे आता मंडळात दोन-तीनच उरली आहेत.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे वेचावयास सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या, अशी कथा शुभवर्तमानात आहे. ज्याच्या हाती भाकरी वाढत होती त्याला तुकड्यांची काय गरज होती? तरी त्याने ते वाया जाऊ दिले नाहीत. आणि त्या भाकरी होत्या जवाच्या, म्हणजे गरिबाच्या रोजच्या. ही कथा चारही शुभवर्तमानांत आली आहे, पण भाकरी आणि मासे ज्याच्याजवळ होते तो मुलगा फक्त योहानाच्या लक्षात राहिला. त्याचे नाव मात्र योहानानेही लिहिले नाही. आणि त्याला ती शिदोरी बांधून देणारी कोणी असेल, तर तिचा उल्लेखसुद्धा नाही.

कृष्णधवल चित्रे चांदीच्या कणांची. ती नीट ठेवली तर पुष्कळ टिकतात. 1970-80 च्या दशकांतील रंगीत चित्रांचे रंग मात्र अंधारातही विटतात, म्हणून आरंभ त्यांच्यापासून केला आहे. दर रविवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात ही चित्रे टेबलावर मांडलेली असतील. घरातल्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः आजींना, अवश्य घेऊन यावे. ओळख पटेल त्याचे नाव, गाव व साल मागील बाजूस हलक्या हाताने लिहावे. पेन्सिली मंडळ पुरवील. शाईचे पेन कृपया कोणी वापरू नये. शाई पुढच्या बाजूस उमटते.