अहल्याबाईंची ईश्वरनिष्ठा

ईश्वर आपला पाठीराखा आहे, संकटांत तोच मार्ग दाखवितो, हें वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. कीर्तनांत तें ऐकलें, वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलें, आणि कोणाच्या घरीं समाचारास गेलों असतां आपणही तें बोलून दाखविलें. परंतु ज्याच्यावर प्रसंग ओढवलेला असतो, त्याच्या मनांत त्या वेळीं एकच प्रश्न घोळत असतो. ईश्वर सांभाळणारा आहे, तर माझ्याच घरावर हा घाला कां यावा? आणि घाला आल्यावरही त्याच्यावर भरवसा ठेवावयाचा, म्हणजे नेमकें करावयाचें काय?

या प्रश्नांचा विचार तत्त्वज्ञांनीं पुष्कळ केला आहे. मी तत्त्वज्ञ नव्हे. मुलांना इतिहास शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. म्हणून त्याचें उत्तर मी आज एका आयुष्यांत शोधणार आहें. तें आयुष्य म्हणजे पुण्यश्लोक अहल्याबाई होळकर यांचें.

बाईंचा जन्म १७२५ सालीं चौंडी या खेड्यांत झाला. हें खेडें ज्या जिल्ह्यांत आहे, त्यास आतां त्यांच्याच स्मरणार्थ अहिल्यानगर असें नांव देण्यांत आलें आहे. वडील माणकोजी शिंदे. १७३३ सालीं, म्हणजे वयाच्या आठव्या वर्षीं, मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पुढें मालेराव हा मुलगा व मुक्ताबाई ही मुलगी अशीं दोन अपत्यें झालीं. घरांत वैभव होतें, सासऱ्यांचा लोभ होता, आणि देवाधर्माची आवड माहेराहूनच आलेली होती. येथपर्यंत या आयुष्यांत दुःखाची रेघही दिसत नाहीं.

१७५४ सालीं मराठी फौजा सूरजमल जाटाच्या कुंभेरीच्या किल्ल्यास वेढा देऊन बसल्या असतां तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. बाई तेव्हां सुमारें एकोणतीस वर्षांच्या होत्या. त्या काळच्या चालीप्रमाणें त्या सती जाण्यास निघाल्या. तेव्हां वृद्ध मल्हाररावांनीं त्यांची करुणा भाकली. मुलगा गेला, आतां तूंच माझा मुलगा, असा त्यांचा आग्रह होता. बाई थांबल्या. ज्या समाजांत सती जाणें हेंच पुण्य मानलें जाई, त्यांत जिवंत राहून कर्तव्य करणें ही अवघड वाट त्यांनीं पत्करली.

मल्हाररावांनीं सुनेला राज्यकारभाराचें शिक्षण दिलें. तोफा व दारूगोळा यांची तरतूद कशी ठेवावी याविषयीं सासऱ्यानें सुनेस लिहिलेल्या सूचना उपलब्ध आहेत. त्यावरून या शिक्षणाची जात कळून येते. १७६१ सालीं सासूबाई गौतमाबाई वारल्या. १७६६ सालीं स्वतः मल्हारराव गेले. गादी मालेरावास मिळाली. परंतु त्याची प्रकृति व मन हीं दोन्ही ठिकाणावर नव्हतीं. त्याच्या आजारांत बाईंनीं त्याच्या उशाशीं बसून देवाची अहोरात्र प्रार्थना केली. ती फळास आली नाहीं. १७६७ सालीं मुलगाही गेला.

श्रोतेहो, येथें क्षणभर थांबूं या. तेरा वर्षांत पति, सासू, सासरा आणि एकुलता एक मुलगा हीं चारही माणसें गेलीं. या बाईएवढी देवभक्ति किती जणांनीं केली असेल? तरी तिचें घर वांचलें नाहीं. तेव्हां देवावर भरवसा ठेवला म्हणजे संकट दारावरून परत जातें, ही आपली समजूत बाईंच्या चरित्रापुढें टिकत नाहीं. भरवशाचा कांहीं अर्थ असेल, तर तो संकट आल्यानंतरच शोधला पाहिजे.

मालेराव वारल्यावर पुढचें संकट तात्काळ उभें राहिलें. होळकरांच्या दौलतीचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनीं एखादें लहान मूल दत्तक घ्यावें असा घाट घातला, आणि रघुनाथरावदादांस आपल्या बाजूस वळविलें. मूल गादीवर आणि कारभार दिवाणाच्या हातीं, असा त्यांतील मतलब होता. बाईंनीं त्यास साफ नकार दिला. या वेळीं बाईंनीं काय केलें तें पाहण्याजोगें आहे. त्यांनीं पूजा सोडली नाहीं. पण केवळ पूजेवरही विसंबून राहिल्या नाहींत. फौज सज्ज केली. इतर मराठे सरदारांकडे पत्रें धाडलीं. महादजी शिंदे व जानोजी भोसले यांनीं दादांस साथ देण्याचें नाकारलें. पुण्यास माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली, आणि त्यांनीं बाईंचा हक्क मान्य केला. रक्ताचा थेंब न सांडतां संकट टळलें. पुढें बाईंनीं फौजेचें काम तुकोजी होळकरांकडे सोंपविलें व मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला. ही व्यवस्था बाईंच्या अखेरपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षें टिकली.

'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी' अशी एक म्हण आपल्याकडे आहे. आळशाची थट्टा करण्यासाठींच ती जन्मास आली असावी. बाईंचा हरि खाटल्यावर देणारा नव्हता. पहाटे उठवून कामास लावणारा होता.

हें मी अलंकारानें बोलत नाहीं. बाईंच्या दिनचर्येचें वर्णन सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानें मध्य हिंदुस्थानासंबंधीं १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दिलें आहे. माल्कम हा होळकरांविरुद्ध १८१७ सालीं महिदपुरास लढलेला माणूस. बाईंची स्तुति करण्याचें त्याला कारण नव्हतें. होळकरांच्या माणसांनीं सांगितलेल्या गोष्टींवरच न विसंबतां त्यानें इतरांकडेही चौकशी केली, आणि जों जों चौकशी केली तों तों त्याचा आदर वाढतच गेला. तो लिहितो तें असें: बाई उजाडण्यापूर्वीं तासभर उठत. पूजा, पुराणश्रवण, दानधर्म आणि ब्राह्मणभोजन झाल्यावर साधें शाकाहारी जेवण. थोडी विश्रांति घेऊन दोनच्या सुमारास दरबारांत येत व दिवस मावळेपर्यंत बसत. तिन्हीसांजेनंतर पुन्हां दोन तीन तास पूजा व फराळ. रात्रीं नऊपासून अकरापर्यंत पुन्हां राज्याचें काम. दिवसांतून दोनदां देवापुढें आणि दोनदां प्रजेपुढें, असा हा नेम वर्षानुवर्षें चालला.

या दोन गोष्टी बाईंना निरनिराळ्या वाटतच नव्हत्या. त्यांच्या राजाज्ञांवर 'श्रीशंकर' हें नांव असे. राज्य शंकराचें, आपण त्याच्या गुमास्ता, आणि गुमास्त्यास एक दिवस धन्यापुढें वह्या मांडाव्या लागतात, ही त्यांची श्रद्धा होती. कोणास कडक शासन करा, असा कारभाऱ्यांनीं आग्रह धरला, तर ईश्वरानें घडविलेली वस्तु मोडण्यापूर्वीं माणसानें फार विचार करावा, अशा अर्थाचें उत्तर त्या देत. निपुत्रिक सावकार मेला तर त्याच्या विधवेकडून दत्तकाच्या मंजुरीसाठीं जबर नजराणा उकळण्याची वहिवाट तेव्हां होती. बाईंनीं असा पैसा घेतला नाहीं. विधवेचें दुःख काय असतें, तें त्यांना कोणी सांगावयास नको होतें.

डोंगरांतील भिल्लांचा उपद्रव मोठा होता. प्रथम बाईंनीं सामोपचार करून पाहिला. तो चालला नाहीं तेव्हां कांहीं पुढाऱ्यांस शिक्षाही केली. पण तेवढ्यावर न थांबतां भिल्लांचा पूर्वापार हक्क, म्हणजे त्यांच्या डोंगरांतून जाणाऱ्या मालावरील 'भिलकवडी' नांवाची लहानशी पट्टी, त्यांनीं कायम केली. त्याच्या मोबदल्यांत पडीक जमीन कसावी आणि आपल्या हद्दींत चोरी झाल्यास माल शोधून द्यावा, अशी अट घातली. वाटा निर्धास्त झाल्या.

त्यांच्या देवळांविषयीं व घाटांविषयीं तर आपण सर्वांनीं ऐकलें आहे. काशीस विश्वेश्वराचें देऊळ १७८० सालीं त्यांनींच पुरें केलें. गयेचें विष्णुपद, सोमनाथ, वेरूळचें घृष्णेश्वर, अशीं कितीतरी नांवें सांगतां येतील. राज्याचा पैसा देवळांत घातला, असा आक्षेप कोणी घेतात. त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. होळकरांच्या घरांत 'दौलत' आणि 'खासगी' हे दोन हिशेब वेगळे होते. खासगीचें उत्पन्न राजघराण्यांतील स्त्रीचें. पेशव्यांनीं १७३४ सालीं तें गौतमाबाईंस लावून दिलें होतें व तें वारशानें बाईंकडे आलें. बाईंचा धर्मादाय मुख्यतः या खासगींतून होई. देवाच्या नांवानें प्रजेच्या पैशास हात लावावयाचा नाहीं, हीदेखील देवभक्तीच होय.

आतां मी या चरित्रांतील सर्वांत कठीण प्रसंगाकडे येतों. बाईंच्या उतारवयांत मुक्ताबाईचा मुलगा नथ्याबा वारला. सुमारें वर्षभरानें, १७९१ सालीं, जांवई यशवंतराव फणसे वारले. मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. सदतीस वर्षांपूर्वीं सासऱ्यानें जी विनवणी सुनेजवळ केली होती, तीच आतां आईनें मुलीजवळ केली. देवाची शपथ घातली, भुईवर लोळण घेतली. मुक्ताबाई प्रेमानें पण शांतपणें बोलली. आई, तूं वृद्ध झालीस. तूं गेल्यावर मीं कोणासाठीं जगावें, असा तिच्या बोलण्याचा आशय होता.

बाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोघा ब्राह्मणांनीं त्यांचे दंड धरले होते. अग्नि पेटला तेव्हां त्यांचा धीर सुटला. त्या आक्रोश करूं लागल्या, आणि धरलेले हात सुटेनात म्हणून त्या हातांनाच दांतांनीं चावूं लागल्या. नर्मदेंत स्नान करून त्या वाड्यांत परत आल्या. तीन दिवस अन्न जवळजवळ वर्ज्य केलें व एक शब्दही बोलल्या नाहींत.

हा प्रसंग सांगतांना पुष्कळ चरित्रकार तो आटोपता घेतात. पुण्यश्लोक बाईंनीं इतकें विव्हळ व्हावें, हें त्यांस शोभत नाहीं असें वाटतें. मला मात्र बाईंची श्रद्धा येथेंच सर्वांत खरी वाटते. देवावर भरवसा असणें म्हणजे दगडाचें काळीज असणें नव्हे. ज्याला रडूं येत नाहीं, त्याला धीर धरण्याची गरजच काय? आणि सतीची चाल धर्माच्या नांवानें चाललेली असतांही, ज्या देवाची आपण पूजा करितों त्याला हें हवें असेल असें बाईंच्या हृदयानें त्या दिवशीं मानलें नाहीं. पुढें १८२९ सालीं बंगाल इलाख्यांत ही चाल कायद्यानें बंद झाली. परंतु एका मातेनें तिच्याविरुद्ध आपलें गाऱ्हाणें त्याआधीं अडतीस वर्षें नर्मदेच्या कांठीं मांडलें होतें.

तीन दिवसांनंतर बाई उठल्या. मुलीच्या व जांवयाच्या स्मरणार्थ एक सुंदर छत्री बांधण्याचें काम त्यांनीं काढलें, आणि त्यांत त्यांच्या मनास कांहींसें समाधान लाभलें. त्या पुन्हां राज्यकारभार पाहूं लागल्या. सत्तरीकडे झुकलेली, घरांत स्वतःचें म्हणावें असें कोणी न उरलेली ही बाई आणखी चार वर्षें प्रजेचे तंटे ऐकत राहिली. १३ ऑगस्ट १७९५ रोजीं महेश्वर येथें त्यांनीं देह ठेवला.

महेश्वरच्या वाड्यांत बाईंनीं घालून दिलेला एक परिपाठ आजही पाहावयास मिळतो. सकाळीं मातीचीं इवलींशीं शिवलिंगें करावयाचीं, त्यांची पूजा करावयाची, आणि मग तीं नर्मदेंत सोडून द्यावयाचीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हां नवीन. जें हातानें घडविलें तें रोज नदीला द्यावयाचें आणि उद्यां पुन्हां माती मळावयास बसावयाचें, असा हा नेम आहे.

माझ्याच घरावर घाला कां आला, याचें उत्तर बाईंना मिळालें होतें असें त्यांच्या चरित्रांत कोठेंही दिसत नाहीं. पण आतां पुढें काय करूं, याचें उत्तर त्यांना रोज पहाटे मिळत होतें. ईश्वराचें मार्गदर्शन म्हणतात तें बहुधा एवढेंच असतें. सबंध वाट दिसत नाहीं. पुढचें पाऊल टाकण्यापुरती दिसते. तेवढें पाऊल टाकण्याचें बळ संकटांत सांपडलेल्या प्रत्येकास लाभो, अशी इच्छा प्रकट करून मी आपली रजा घेतों.