डोंगरगावचा मासा

आम्हां भिलाईकरांपुढे डोंगरगावचे नाव काढले की राजनांदगावजवळचे डोंगरगाव आठवते. आजची गोष्ट मात्र चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याच्या बाजूस असलेल्या डोंगरगावची आहे. तेथील लमेटा थरांतले माशांचे अवशेष आर्थर स्मिथ वुडवर्ड ह्या इंग्रज जीवाश्मतज्ज्ञाने तपासले आणि १९०८ साली त्यांतील एका माशास ‘लेपिसॉस्टियस इंडिकस’ असे नाव दिले.

हे नाव ऐकून कोणीही थबकावे. कारण ‘गार’ म्हणून ओळखले जाणारे ह्या कुळातील मासे आज उत्तर व मध्य अमेरिकेत आणि क्यूबात तेवढे आढळतात. जातीही अवघ्या सात. मग साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी हा मासा विदर्भात कसा?

त्याआधी, गार कोणत्या वर्गात घालावा हाच वाद जुना आहे. १७५८ साली लिनियसने लांब जबड्यावरून त्याला पाइक माशाच्या पंक्तीस बसविले. सरकारी नोकरीत माझी हयात गेली. वरचे शीर्षक पाहून भलत्याच नस्तीत लागलेले कागद मी पुष्कळ पाहिले आहेत. हा त्यांतलाच प्रकार! १८०३ मध्ये लासेपेदने त्याची प्रजाती निराळी केली. पुढे लुई अगासीने खवल्यांवरून माशांची विभागणी केली, तेव्हा गारचे चौकटीसारखे, काचेप्रमाणे तकाकणारे कठीण खवले निर्णायक ठरले. १८४४ साली योहान्नेस म्यूलरने खवले बाजूस सारून हृदयातील झडपांची साक्ष काढली.

पण दगडातल्या माशाचे हृदय कोठून आणावे? तेथे अखेर हाडांनाच विचारावे लागते. सुदैवाने गारचा मणका बोलका आहे. पुढून फुगीर आणि मागून खोलगट असा मणका माशांमध्ये फार दुर्मिळ. अमेरिकेतील लान्स ग्रँड ह्यांनी जिवंत व जीवाश्म गारांचे सांगाडे शेजारी ठेवून २०१० साली मोठा ग्रंथ सिद्ध केला. गारचा जवळचा नातलग पाइक नव्हे, तर ‘बोफिन’ हा दुसरा प्राचीन मासा, असा निर्वाळा त्यांनी दिला आणि मोडीत निघालेला ‘होलोस्टी’ हा जुना गट पुन्हा उभा केला.

डोंगरगावच्या कोड्याचे उत्तरही हाडांतच सापडते. गारचे अवशेष आफ्रिकेत व युरोपातही मिळाले आहेत आणि आजच्या काही जाती खाऱ्या पाण्यातही वावरतात. म्हणजे हा मासा अमेरिकेतून विदर्भात आला असे मानण्याचे कारण नाही; एके काळी दूरवर पसरलेले हे कुळ पुढे तेवढ्या मुलखात शिल्लक उरले.