छाती न चिरतां

हृदयावर कवींचा हक्क फार जुना आहे. शस्त्रवैद्यांनीं मात्र त्याला हात घालण्याचें धैर्य फार उशिरां केलें. त्यांतही तान्ह्या मुलाचें हृदय! जन्मतःच ज्याच्या रचनेंत दोष राहिला तें बालक निळें पडत जाई, आणि आईबापांनीं तें पाहत बसावें, यापलीकडे फारसा उपाय नसे. १९३८ सालीं बोस्टन येथें रॉबर्ट ग्रॉस यानें सात वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाजवळची, जन्मानंतर मिटावयाची पण न मिटलेली रक्तवाहिनी बांधली, तेव्हां आशेस जागा झाली. परंतु त्यासाठीं छाती उघडावी लागली. ती न उघडतां हृदयापर्यंत पोंचण्याची वाट कशी सांपडली, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

त्या वाटेचा आरंभ ग्रॉसच्याही पूर्वीचा. बर्लिनजवळील एबर्सवाल्ड गांवीं वेर्नर फोर्समान हा तरुण डॉक्टर काम करीत असे. हाताच्या शिरेंतून बारीक नळी सारीत नेल्यास ती हृदयांत पोंचेल, अशी त्याची कल्पना होती. वरिष्ठांनीं मनाई केली, तेव्हां १९२९ सालीं त्यानें तो प्रयोग स्वतःवरच केला. सुमारें ६५ सेंटिमीटर नळी आंत सारून हा गृहस्थ क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत गेला, आणि नळीचें टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यांत असल्याचें चित्र त्यानें घेतलें. पुढें अमेरिकेंत कूर्नां व रिचर्ड्स यांनीं या नळीचा, म्हणजे कॅथेटरचा, उपयोग रोग ओळखण्याकडे केला. १९५६ सालीं तिघांस मिळून नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

परंतु नळी अद्याप बहुतेक बातमीच आणीत होती. बालकांचे प्राण वाचविणारें हत्यार तिला बनविलें तें फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यानें, १९६६ सालीं. कांहीं बालकांत हृदयांतून निघणाऱ्या दोन मोठ्या रोहिणींची अदलाबदल झालेली असते. त्यामुळें शरीराकडून आलेलें अशुद्ध रक्त पुन्हां शरीरांतच जातें, व फुप्फुसांतून आलेलें शुद्ध रक्त पुन्हां फुप्फुसांतच फिरतें. शेजारच्या घरीं धान्य भरलेलें, या घरीं उपास, आणि मधल्या भिंतीला दार नाहीं, असा हा प्रकार. गर्भावस्थेंत वरच्या दोन कप्प्यांमधील भिंतींत एक फट असते; जन्मानंतर तीही मिटूं लागते. रॅशकिंडनें टोकाशीं फुगा असलेली नळी मांडीच्या शिरेंतून वर नेऊन त्या फटींतून डाव्या कप्प्यांत घातली, फुगा फुगविला, आणि एका हिसक्यासरशीं मागें ओढला. भिंत फाटली, दार झालें, रक्त मिसळूं लागलें!

फोर्समाननें धोका आपल्या अंगावर घेतला होता. रॅशकिंडपुढील बालकास तर होय किंवा नाहीं म्हणण्याचीही शक्ति नव्हती. मग असा हिसका देण्याचा अधिकार त्यास कोणीं दिला? आमच्या मतें, उपायाविना अशीं बहुतेक मुलें वर्षाच्या आंत जात, आणि छाती उघडून तेंच दार करणें तान्ह्यांस फार जड जाई, या दोन गोष्टींनीं तो दिला. शिवाय हा उपाय म्हणजे रोगमुक्ति नव्हे. शस्त्रक्रियेपर्यंत मिळविलेली ती मुदत होती. रोहिणी मूळ जागीं बसविण्याची शस्त्रक्रिया ब्राझीलच्या जातेने यानें १९७५ सालीं यशस्वी केली.

पुढील प्रगति झपाट्यानें झाली. त्याच १९७५ सालीं किंग व मिल्स यांनीं सतरा वर्षांच्या एका मुलीच्या त्याच भिंतींतील भोंक नळीवाटे बुजविलें. जें दार एकास जीवदान, तेंच दुसऱ्यास व्याधि! १९८२ सालीं बाल्टिमोरच्या जीन कान हिनें अरुंद झडप फुग्यानें रुंद केल्याचें प्रसिद्ध केलें, आणि २००० सालीं पॅरिस येथें बॉनहोफर यानें बारा वर्षांच्या मुलास नवी झडपच नळीवाटे बसविली.

आज पुष्कळ मुलें असा उपाय होऊन, छातीवर व्रण न घेतां, थोड्याच दिवसांत घरीं परततात. तरी गुंतागुंतीच्या दोषांस शस्त्रवैद्यावांचून गत्यंतर नाहीं. नळीनें शस्त्रास हद्दपार केलें नाहीं; शस्त्र केव्हां उचलावें व केव्हां खालीं ठेवावें, हा विवेक तिनें शिकविला. आमच्या दृष्टीनें या इतिहासाचें खरें फळ तेंच होय.