वेबपानाला दोन भाषा का?

१/ वेबपान घडवायला शिकणाऱ्यास आरंभीच दोन भाषा भेटतात: रचनेसाठी एचटीएमएल, रूपासाठी सीएसएस. पान एक, मग भाषा दोन का? उत्तर इतिहासात आहे.

२/ सर्न या संशोधनसंस्थेतील टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली. एचटीएमएलच्या १९९१ च्या वर्णनात जेमतेम १८ टॅग होते. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, एवढेच ते सांगत. अक्षराचा आकार वाचणाऱ्याच्या संगणकावर ठरे.

३/ लेखकांना हे पुरेना. ब्राउझर-कंपन्यांनी फाँटसारखे सजावटीचे टॅग आणले. परिणामी शंभर पानांचा रंग बदलायचा, तर शंभर पाने दुरुस्त करावी लागत.

४/ ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉकोन व्हियम ली यांनी रूपाचे नियम वेगळे लिहिण्याचा प्रस्ताव मांडला. बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती मानक म्हणून मान्य झाली.

५/ खरा वाद सत्तेचा होता: पान कसे दिसावे हे कोण ठरवणार, लेखक की वाचक? सीएसएसने दोघांनाही नियम करू दिले. पहिल्या आवृत्तीत अखेरचा शब्द लेखकाचा होता. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीने तो वाचकाला दिला: त्याने ‘महत्त्वाचा’ म्हणून नोंदवलेला नियम लेखकाच्या नियमावर मात करतो. अधू दृष्टीच्या वाचकाला त्यामुळे हवी तेवढी मोठी अक्षरे मागता येतात.

६/ म्हणून शीर्षकाला शीर्षकाचाच टॅग द्यावा. नुसते अक्षर मोठे करून भागवू नये. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर अक्षराच्या आकारावरून नव्हे, टॅगवरून शीर्षक ओळखते.