मूत्रपिंडाची गाळणी आणि गोड विष

खानदेशातल्या माणसाला ‘वेगळे काढणे’ म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. जळगाव-धुळ्याच्या जिनिंगमध्ये कापूस जातो, रुई एकीकडे निघते, सरकी दुसरीकडे पडते. मूत्रपिंडाचे कामही असेच, म्हणजे रक्तातली घाण तेवढी निवडून बाहेर टाकण्याचे असावे, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात प्रकार उलटा आहे, आणि तो उलटा आहे हे सिद्ध व्हायला अडीचशे वर्षे लागली. हे समजून घेतल्याशिवाय १९८६ साली मुंबईत जे घडले त्याचा उलगडा होत नाही.

इटलीतल्या माल्पिघीने मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत काळा द्रव सोडून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. फांद्यांना फळे लगडावीत तसे बारीक गोळे त्याला दिसले. १६६६ साली त्याने ते प्रसिद्ध केले. पुढे १८४२ मध्ये लंडनच्या बोमन या पंचविशीतल्या तरुणाने दाखवून दिले की, असा प्रत्येक गोळा म्हणजे केशवाहिन्यांचा गुंता असून त्याभोवती एक पिशवी असते, आणि ती पिशवी एका लांब, वळणावळणाच्या नळीत उघडते. मात्र गोळ्यातून नुसते पाणी येते व घाण नळीच्या भिंती ओततात, असे बोमनला वाटे. त्याच सुमारास जर्मनीत लुडविग म्हणाला, तसे नव्हे. रक्ताच्या दाबाने पाणी आणि त्यात विरघळलेले सगळेच पिशवीत गळते, आणि नळी त्यातले बरेच परत घेते. ऐंशी वर्षे वाद चालला. १९२४ साली अमेरिकेत वेअर्न आणि रिचर्ड्स यांनी बेडकाच्या अशा एका गोळ्याच्या पिशवीत केसासारखी बारीक काचनळी घालून आतला द्रव शोषून घेतला. तो थेंबभरही नव्हता; पण त्यात साखर सापडली, आणि त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या मूत्रात ती नव्हती. साखर गळली होती आणि वाटेत परत उचलली गेली होती. लुडविगची बाजू खरी ठरली, पण ते पाहायला लुडविग हयात नव्हता.

तेव्हा जिनिंगची उपमा सोडून द्यावी आणि दिवाळीची सफाई आठवावी. घरातले सामान सरसकट अंगणात काढायचे आणि हवे तेवढेच आत न्यायचे. अंगणात राहील तो केर. दोन्ही मूत्रपिंडांत मिळून अशा सुमारे वीस लाख गाळण्या आहेत. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने यांना त्यांतून वाट मिळत नाही. बाकी सारे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गळतो. शरीरातल्या रक्ताचा पातळ भाग तीनेक लिटर, म्हणजे तो दिवसात साठ वेळा अंगणात निघतो! त्यातली साखर जवळजवळ सगळी परत जाते, पाणी व मीठ शंभरात नव्याण्णव भाग परत जातात, आणि दीडएक लिटर मूत्र उरते. वैशाखात आपल्याकडे पारा ४४ अंशांपुढे गेला आणि घामाच्या धारा लागल्या, की नळ्या आणखी पाणी परत ओढतात; म्हणून त्या दिवसांत मूत्र थोडे आणि गडद होते.

या रीतीचा फायदा मोठा आहे. जगात घाण किती प्रकारची असेल याची यादी मूत्रपिंडाला पाठ करावी लागत नाही. आपले काय ते ओळखता आले म्हणजे झाले. पण यातच एक धोका आहे. आपल्यासारखे सोंग घेऊन कोणी अंगणात उभा राहिला, तर नळीच्या पेशी त्यालाही घरात घेतात.

डायएथिलीन ग्लायकॉल हा असा पदार्थ. तो कारखान्यातला, ब्रेकच्या तेलात, रंगांत वापरतात. दिसायला ग्लिसरिनसारखा, चवीला गोड आणि स्वस्त. पोटात गेल्यावर यकृतात त्याचे एक आम्ल बनते. लिंबातल्या आम्लाला ज्या दाराने नळीच्या पेशी आत घेतात, त्याच दाराने हेही आत शिरते आणि साठत जाते. पेशी मरतात, नळ्या तुंबतात, मूत्र बंद होते. १९३७ साली अमेरिकेत हे द्रव्य घालून केलेल्या औषधाने १०५ माणसे दगावली. त्या वेळी तिथे विक्रीपूर्वी औषध तपासण्याचा कायदाच नव्हता. खटला भरता आला तो एवढ्याचसाठी, की बाटलीवर ‘एलिक्झिर’ लिहिले होते आणि आत मद्यार्क नव्हता! १९३८ मध्ये नवा कायदा झाला.

आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० पासून होता. तरीही १९८६ च्या जानेवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डोळ्यातला वा मेंदूतला दाब कमी करण्यासाठी ज्यांना ग्लिसरिन पाजले होते, त्या रुग्णांची मूत्रपिंडे एकाएकी बंद पडू लागली. चौदा जण दगावले. औषधी म्हणून घेतलेल्या ग्लिसरिनमध्ये हेच विष निघाले. चौकशीसाठी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. त्यांच्या अहवालाने औषध-प्रशासन, रुग्णालयाची खरेदी आणि मंत्री यांपैकी कोणाचीच गय केली नाही. तपासणी न करता तपासणीच्या वहीत पडलेल्या सह्या मी कामगार चळवळीत पुष्कळ पाहिल्या; त्या कुठल्या, हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे. पण एका पिंपावरचे नाव खरे आहे की नाही हे न पाहण्याचे मोल माणसाच्या नळीतल्या पेशींनी मोजावे, हे लेंटिनसाहेबांच्या अहवालाइतके स्पष्ट क्वचितच कुठे लिहिले गेले असेल.

विष ओळखण्याची परीक्षा अवघड नाही, साध्या प्रयोगशाळेत होते. तरीही १९९८ मध्ये गुडगावात, २०२० च्या सुमारास जम्मूच्या रामनगरात मुले गेली. २०२२ साली आफ्रिकेतल्या गांबियात सुमारे सत्तर मुले दगावली आणि संशय आपल्या देशात बनलेल्या खोकल्याच्या औषधांवर आला. त्यानंतर १ जून २०२३ पासून परदेशी जाणारे खोकल्याचे औषध आधी मान्य प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा नियम झाला. देशात विकल्या जाणाऱ्या बाटल्यांना तो लागू नव्हता. २०२५ च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लहान मुले मूत्र बंद झाले म्हणून नागपूरच्या रुग्णालयांत आणली जाऊ लागली. वीसहून अधिक मुले गेली. त्यांनी घेतलेले औषध देशातच बनलेले आणि देशातच विकलेले होते.